तिसरी कॉफी करते काय?

मागच्या अंकात फिल्टर कॉफीबद्दल उत्तर देताना ओघात लिहून गेले, की एस्प्रेसोला सहसा एकटी कॉफी घालत नाहीत, दोन-तीन ठिकाणच्या मिसळतात. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच द्यावं लागतंय. नव्या वाचकांना माझी ओळख: मी लातूरची. सासरी डाळमिल होती, बावीस वर्षं तुरीच्या वानग्या तळहातावर घेऊन बघितल्या. मिल बंद झाल्यावर रिकामं बसवेना, म्हणून बंगळुरूला जाऊन कॉफी बोर्डाचा ‘कापी शास्त्र’ हा प्रशिक्षणवर्ग केला, पाच किलोचं भाजणीचं मशीन घेतलं आणि मिलच्याच एका शेडमध्ये बसवलं. तुरीच्या गावात कॉफी कोण पितं, असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं. क्लासची पोरं पितात, रात्री दोन वाजेपर्यंत.

काकू, अंबाजोगाईत बसस्थानकाजवळ कॅफे टाकलाय. जुनं, दोन कप एकदम निघणारं एस्प्रेसो मशीन घेतलं. भारीतलं भारी एकत्र केलं तर भारीच होणार या हिशेबानं इथिओपियाची यिर्गाचेफे, केनियाची एए आणि चिकमगळूरची प्लांटेशन एए अशी तीन पाकिटं मागवून सारखी मिसळली. काळी प्यावी तर लिंबू चाटल्यासारखी, दुधात घालावी तर गायब. गिऱ्हाईक तीन चमचे साखर घालतं आणि वर विचारतं, दूध नासलंय का? पाकिटांचे फोटो सोबत पाठवतोय. प्रमाण काय ठेवू?
– एक कॅफेवाला, अंबाजोगाई

काकू म्हणालास, तर मीही ‘तू’च म्हणते. दूध चांगलं आहे. तू प्रमाण विचारतोस, पण गडबड त्याच्या आधीच झालीय. आमटीत चिंच, कोकम आणि कैरी तिन्ही घातलीस आणि आता विचारतोस कशाचं किती ठेवू. अरे, डाळ कुठंय?

यिर्गाचेफे म्हणजे फुलांचा वास आणि लिंबाच्या सालीचा तजेला. केनिया म्हणजे जांभूळ-करवंदासारखा चटकदार आंबटगोडपणा. फोटोवरून कळतं की दोन्ही धुतलेल्या आहेत, म्हणजे फळाचा गर काढून, पाण्यानं स्वच्छ करून मग वाळवलेल्या, आणि हलक्या भाजलेल्या. साध्या फिल्टरवर, काळ्या, मोठ्या कपात त्या प्यायला बसलास तर साखर मागणार नाहीस. एस्प्रेसोचा हिशेब वेगळा: १८ ग्रॅम पूड, ९ बारचा दाब, २५ ते ३० सेकंद, आणि खाली पडतात ३६ ग्रॅमच्या आसपास. मोठ्या कपात पसरून जो आंबटपणा गोडसर वाटतो, तोच इथं दोन घोटांत गोळा होतो. त्यात हलके भाजलेले दाणे टणक. एवढ्या थोड्या वेळात त्यांच्यातला आंबटपणा आधी सुटतो आणि गोडवा बराचसा पुडीतच राहतो.

म्हणून आधी हे ठरव की कपात शेवटी पडणार काय. बसस्थानकावरचं गिऱ्हाईक बहुतेक दूध-साखरेचंच असणार. दूध कुठलं? गायीच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेतीन-चार टक्के, म्हशीच्या दुधात सहा-सात, कधी त्याच्याही वर. एवढ्या सायीखाली यिर्गाचेफेचं फूल दबूनच जाणार. दुधातून वर येतं ते भाजल्या शेंगदाण्यासारखं, कोकोसारखं, जरासं कडसर काहीतरी. ही तुझी डाळ. जगभर हे काम बहुधा ब्राझीलच्या, सालीसकट वाळवलेल्या कॉफीकडे असतं. परदेशी माल आणायचा तर आयात शुल्कच कंबर मोडतं, आणि इथं त्याची गरजही नाही. कर्नाटकातली अरेबिका चेरी, म्हणजे फळ सालीसकट उन्हात वाळवून काढलेली अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक, दुसरी रोबस्टा), हेच काम निम्म्या कटकटीत करते.

आता माझा एकच नियम. डब्यातल्या प्रत्येक कॉफीबद्दल ‘ही करते काय?’ याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. पहिली बैठक देते. दुसरी दुधात दबत नाही, वर जाड साय (एस्प्रेसोवरचा फेस) धरते. तिसरी? इथं बहुतेकांची जीभ अडखळते. ‘ती भारी आहे’ हे काही काम झालं नाही.

माझीही अडखळली होती. माझ्या एका मिश्रणात अराकूची अरेबिका दहा टक्के असायची. अराकू म्हणजे आंध्रातल्या पूर्व घाटातली, आदिवासी शेतकऱ्यांनी पिकवलेली. २०१९ मध्ये ज्या पाच भारतीय कॉफ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं त्यांतली एक (बाकीच्या कोडगू, चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिका, आणि वायनाडची रोबस्टा). पिशवीवर नाव छान दिसायचं. एकदा तिची भाजणी हुकली, म्हणून ती न घालताच माल गेला. एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही. मलाही चाखून कळलं नाही, ते जास्त टोचलं.

मग बसून दाणे मोजले. १८ ग्रॅमच्या बास्केटमध्ये (मशीनची पूड भरायची जाळी) दहा टक्के म्हणजे १.८ ग्रॅम, भाजलेले जेमतेम बारा-पंधरा दाणे. ग्राइंडरच्या हॉपरमधून खाली येताना कधी आठ येणार, कधी वीस. म्हणजे ती कॉफी स्वतःची चव तर देत नाहीच, वर एक कप दुसऱ्यासारखा होऊ देत नाही. तेव्हापासून पंधरा टक्क्यांच्या खाली मी मिश्रणात काही ठेवत नाही. अराकू आता एकटी विकते, काळी पिणाऱ्यांना.

आता तुझं हातानं करायचं काम. मिश्रण दाण्यांचं करू नकोस, आधी पाण्याचं कर. प्रत्येक कॉफी वेगळी दळ, जाडसर. सारख्या वाट्या घे. मी घरच्या स्टीलच्याच घेते, १५० मिली पाणी मावेल अशा. प्रत्येकीत सव्वाआठ ग्रॅम पूड आणि वर नुकतीच उकळी शमलेलं पाणी. चार मिनिटांत पुडीचा जाड थर वर येऊन बसतो. चमच्याच्या पाठीनं तो फोडायचा आणि फोडताना नाक अगदी पाण्याला टेकेल इतकं खाली न्यायचं. त्या तीन सेकंदांत कॉफी जे सांगते ते नंतर अर्धा तास विचारलं तरी सांगत नाही. मग फेस काढून टाक, निवू दे, एकेक चाख आणि वहीत तुझ्या शब्दांत लिही. ‘शेंगदाण्याचं कूट’, ‘ओलं पोतं’, ‘गुळाचा पाक जरा पुढं गेलेला’ असं काहीही चालेल.

त्यानंतर रिकामी वाटी घे आणि चमच्यानं मिसळ. बैठकीच्या कॉफीचे पाच चमचे, धुतलेल्या अरेबिकाचे तीन, रोबस्टाचे दोन. चाख. रोबस्टाचे तीन कर, चाख. एकही दाणा वाया न घालवता अर्ध्या तासात दहा मिश्रणं बघून होतात. जिथं तोंडातून आपोआप ‘हं’ निघतं तिथं थांब. कोमट झाल्यावर पुन्हा चाख, कारण गरम असताना दडलेली खोट निवल्यावर उघडी पडते. वाटीतलं मशीनवर तंतोतंत उतरत नाही, तिथं आंबट आणि कडू दोन्ही वाढून येतात. म्हणून शंभर-शंभर ग्रॅमच मिसळून मशीनवर घे आणि पाच-पाच टक्क्यांनी हलव.

सुरुवात मी सांगते: अरेबिका चेरी ५०, प्लांटेशन ए (म्हणजे धुतलेली अरेबिका) ३०, धुतलेली रोबस्टा २०. तिन्ही मध्यमच्या जरा पुढं भाजलेल्या. रोबस्टाचं काम काय ते पुढच्या उत्तरात येईल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दळण बदललंस त्या दिवशी प्रमाणाला हात लावू नकोस. शॉट, म्हणजे एका वेळी निघणारी एस्प्रेसो, पंधरा सेकंदांत धो-धो येऊन आंबट लागला तर दळण जाड आहे, आणि चाळीस सेकंद ठिबकत बसून कडू लागला तर फार बारीक आहे. यात मिश्रणाचा काही दोष नसतो. लोक दळणाचा राग प्रमाणावर काढतात आणि महिनाभर गोल फिरत राहतात.

एक राहिलं. एए बघून जास्त पैसे मोजलेस ना? तुझं गाव लातूरपासून हाकेच्या अंतरावर, तुला डाळीतले फटका आणि सव्वा नंबर हे दर्जे माहीत असणार. कॉफीतले एए, ए, बी, सी हे दर्जे मुख्यतः चाळणीवरचे, दाण्याच्या आकाराचे. दाणा एकसारखा असला की भाजणी सारखी होते, एवढा फायदा खरा. मोठ्या दाण्याला मोठी चव असते असं मात्र अजिबात नाही. मिश्रणात ए चांगलं चालतं, आणि चाखून पसंत पडलं तर बीसुद्धा.

उरलेली पाकिटं फेकू नकोस. संध्याकाळी कुणी पुस्तक घेऊन तासभर बसणारं गिऱ्हाईक येत असेल, त्याला ती काळी, फिल्टरवर करून दे.

ताई, माझा मुलगा पुण्याहून येताना ‘शंभर टक्के अरेबिका’ लिहिलेलीच पिशवी आणतो. रोबस्टा म्हणजे भेसळ, असं त्याचं ठाम मत. माझ्या घरच्या छोट्या एस्प्रेसो मशीनवर त्याची कॉफी पाणचट लागते आणि वर साय धरत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, मुलाला चूक म्हणायचं तर पुरावा हवा.
– निवृत्त शिक्षिका, परभणी

पुरावा घ्या, बाई. रोबस्टा ही कॉफीचीच दुसरी जात आहे, त्यामुळे तिला भेसळ म्हणणं म्हणजे ज्वारीच्या पिठाला गव्हातली भेसळ म्हणण्यासारखं. भारतात पिकणाऱ्या कॉफीत अरेबिकापेक्षा रोबस्टाच कितीतरी जास्त असते, दहातले सात भाग म्हणा. आणि आपली कॉफी सगळ्यात जास्त विकत घेणारा देश कुठला, ते मुलाला विचारा. इटली. ज्यांनी एस्प्रेसो जगाला दिली, ते लोक आपली रोबस्टा नेऊन आपल्या मिश्रणांत घालतात.

तिचं काम काय? वरची साय, जिला क्रेमा म्हणतात, ती मुळात भाजलेल्या दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड आणि तेल यांचा फेस. दाबाखाली वायू पाण्यात मुरतो, कपात आल्यावर सुटतो. रोबस्टानं हा फेस जास्त आणि जाड येतो. कॉफी तोंडात भरीव लागते आणि दुधात दबत नाही. बदल्यात ती जास्त कडू असते आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट: अरेबिकात साधारण सव्वा ते दीड टक्का, रोबस्टात सव्वादोन ते पावणेतीन. रात्री झोप लागत नसेल तर दुसरा कप दुपारी चारच्या आत.

मुलाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. रोबस्टा बदनाम झाली ती उगाच नाही. कच्ची-पिकी एकत्र तोडलेली, उघड्या जमिनीवर वाळवलेली रोबस्टा घातली तर कपाला जळक्या टायरचा वास येतो, मग कितीही साखर घाला. मागताना ‘रोबस्टा पार्चमेंट’ मागा, म्हणजे धुतलेली. त्यातली निवडक ‘कापी रॉयल’ नावानं मिळते. पंधरा-वीस टक्के पुरे. तीस टक्क्यांच्या वर मी स्वतः जात नाही, पण खूप दूध आणि गूळ घालणाऱ्या घरात गेलेलीही चालते.

आणि पिशवीमागची भाजणीची तारीख एकदा बघा. दोन-तीन महिने झाले असतील तर वायू केव्हाच उडून गेलाय. अशी अरेबिका साय धरणार नाही आणि रोबस्टाही फारशी धरणार नाही. या एका मुद्द्यावर मायलेकांत तडजोड होऊ शकते.

आम्ही नवरा-बायको घरीच एक किलोच्या मशीनवर भाजतो. मिश्रणाचे दाणे हिरवे असतानाच मिसळून एकदम भाजावेत, की वेगवेगळे भाजून नंतर मिसळावेत? एकदम भाजले तर गॅस आणि वेळ वाचतो.
– नांदेड

याचं उत्तर माझ्या सासूबाईंनी देऊन ठेवलंय.

सुरुवातीच्या वर्षी मला मान्सून्ड मलबारचं फार वेड होतं. तिची गोष्टच तशी आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला महिनोन्‌महिने लागायचे. समुद्राच्या दमट हवेनं दाणे फुगायचे, पिवळट पडायचे, त्यांचा आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव बसली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपला, आणि ताजी कॉफी पोचू लागली तेव्हा ‘पहिल्यासारखी नाही’ म्हणून कुरकुर झाली. मग मंगळुरू-तलश्शेरीकडच्या किनाऱ्यावर, जून ते सप्टेंबर, गोदामांत दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा देऊ लागले. अजूनही देतात. एस्प्रेसोच्या मिश्रणात ती बैठकीला झकास: आंबट जवळजवळ नाही, अंग भरपूर.

तर मी ही मान्सून्ड, थोडी प्लांटेशन ए आणि थोडी पीबेरी (फळात दोन बियांऐवजी एकच गोल बी धरते ती) अशी साडेचार किलोची खिचडी एकदम ड्रममध्ये सोडली. मान्सून्डचा दाणा फुगलेला, हलका, पिठूळ. पीबेरी गोट्यांसारखी गोल आणि टणक. दहाव्या मिनिटाला धूर. काढून बघते तर मान्सून्डच्या कडा काळ्या, चिमटीत धरली तर राख होणारी, आणि पीबेरी अजून गवती वासाची, दातानं फुटेना. शेडच्या दाराशी सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या वर, कॉफी आयुष्यात चाखलेली नाही. डोकं वर न करता म्हणल्या, “येसराला गहू अन् खोबरं एकाच घाण्यात टाकतीस का गं?”

नाही टाकत. येसर म्हणजे आमटीसाठी धान्यं-मसाले भाजून दळलेलं पीठ. मराठवाड्यातल्या कुठल्याच घरात टाकत नाहीत. गहू वेगळा, डाळ वेगळी, धणे-जिरे वेगळे, खोबरं सगळ्यात शेवटी आणि मंद आचेवर. दळताना एकत्र. नांदेडला असून तुम्ही हा प्रश्न विचारलात याचंच नवल वाटलं.

एकत्र भाजलेलं चालतं कधी? दोन्ही दाणे आकारानं, वजनानं आणि ओलाव्यानं जवळजवळ सारखे असतील, एकाच पद्धतीनं वाळवलेले असतील, तेव्हा. एकाच भागातल्या दोन मळ्यांच्या प्लांटेशन ए मी एकत्र भाजते, काही बिघडत नाही. धुतलेली आणि सालीसकट वाळवलेली, किंवा अरेबिका आणि रोबस्टा, या जोड्या मात्र वेगळ्याच ठेवा. वेगळं भाजण्याचा आणखी एक फायदा म्हणजे एखादा घाणा बिघडला तर तेवढाच बाजूला निघतो.

हिशेबातली एक चूक टाळा: प्रमाण नेहमी भाजलेल्या वजनावर काढायचं. भाजताना दाणा १५ ते १८ टक्के हलका होतो, गडद भाजला तर जरा जास्तच. हिरव्या दाण्यांवर पन्नास-तीस-वीस धरलंत आणि एक गडद, एक हलकी भाजलीत, तर शेवटी हातात पन्नास-तीस-वीस राहत नाही.

जानेवारीत मिश्रण इतकं छान जमलं होतं की ऑफिसमधले लोक मुद्दाम खाली उतरून प्यायला यायचे. मे महिन्यात तेच प्रमाण, तेच मशीन, तोच पुरवठादार, पण कॉफी बेचव, मठ्ठ. कुणी तरी म्हणालं रोबस्टा कमी करा, कुणी म्हणालं वाढवा. काय करू?
– कॅन्टीनचालक, छत्रपती संभाजीनगर

रोबस्टाला हात लावू नका. आधी सांगा, पाणी तेच आहे का?

आम्ही लातूरकर पाण्याबद्दल जरा जास्तच बोलतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आमचं. पण कॉफीच्या कपात पाणीच जास्त असतं, आणि मराठवाड्यात जानेवारीतलं आणि मेमधलं पाणी एक नसतं. हिवाळ्यात नळाचं येतं. उन्हाळ्यात नळ आठवड्यानं, मग टँकर, नाही तर बोअर. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. अशा पाण्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा मारून टाकतात, कप मठ्ठ होतो, आणि मशीनच्या बॉयलरमध्ये पांढरा थर साचतो तो वेगळाच. घाबरून कुणी सरळ आरओचं पाणी लावतं. त्यात टीडीएस वीस-तीस, म्हणजे क्षार जवळजवळ नाहीतच. मग कॉफी पातळ आणि टोकदार आंबट लागते, आणि असं पाणी मशीनच्या धातूलाही चांगलं नाही. दोन्ही मिसळून टीडीएस १०० ते १५० च्या दरम्यान आणा. मोजायचं पेनासारखं यंत्र काही फार महाग नसतं. पाण्याचंही मिश्रणच की हे.

दुसरं, पिशव्या कुठं ठेवता? पत्र्याखाली, बेचाळीस डिग्रीत, मशीनच्या शेजारच्या फळीवर ठेवत असाल तर कॉफी महिनाभर आधीच म्हातारी होते. उन्हाळ्यात माल कमी आणि वरचेवर मागवा. अगदी ताजाही नको. भाजून आठवडा-दहा दिवस झाले की वायू जरा निवतो आणि शॉट सरळ पडतो.

तिसरी शंका मात्र खरंच मिश्रणातली आहे. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्याच्या मागून. वाळवणं, सालं काढणं, प्रतवारी होऊन नवा माल यायला उन्हाळा लागतो. म्हणजे जानेवारीत तुम्ही मागच्या हंगामाची कॉफी पाजत होतात आणि मेपर्यंत पुरवठादारानं नवी सुरू केली असेल. किंवा उलट, त्याच्याकडे जुनीच उरली असेल आणि ती आता लाकडी लागायला लागली असेल. मलाही एका व्यापाऱ्यानं जुनी कॉफी नवी म्हणून विकलीय. दाणा निळसर-हिरवा हवा होता तो फिकट निघाला आणि पोत्यात नाक घातलं तर पोत्याचाच वास. पैसे दिले गेले होते. ती सगळी गडद भाजून बर्फाच्या कॉफीत खपवली.

प्रमाण वर्षभर तेच ठेवलं तर चव हलते. चव तीच ठेवायची तर प्रमाण हलवावं लागतं. डाळमिलमध्ये प्रत्येक गाडीची वानगी पुडीत बांधून तारीख घालून ठेवायचो, तसं मी कॉफीचं करते. दर खेपेच्या हिरव्या दाण्यांतले पाव किलो बाजूला. नवं पोतं आलं की जुन्या वानगीचे शंभर ग्रॅम आणि नव्याचे शंभर ग्रॅम सारखेच भाजायचे, दोन वाट्या शेजारी ठेवून चाखायच्या. नवी जास्त आंबट निघाली तर तिच्यातले पाच टक्के काढून चेरीला द्यायचे, पुन्हा बघायचं. तुम्ही स्वतः भाजत नाही, त्यामुळे पुरवठादाराला एवढंच विचारा: हंगाम कुठला, आणि मागच्या खेपेपासून काय बदललंत? त्यानं ‘काहीच नाही’ म्हटलं तर मात्र मला शंका येईल.

एस्प्रेसोच्या मिश्रणात चिकोरी घातली तर स्वस्त पडेल का?
– उदगीर

पडेल. पण चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, कॉफी नव्हे. फिल्टरच्या डिकॉक्शनला ती रंग आणि दाटपणा देते, तिथं मलाही आवडते. मशीनच्या बास्केटमध्ये ती ओली होऊन चिकट लगदा करते आणि पाण्याची वाट अडवते. स्वस्तच हवं असेल तर प्लांटेशन ए ऐवजी बी घ्या.

काकू, माझ्याकडे मशीन नाही, गॅसवर ठेवायचा मोका पॉट आहे. मशीनवाल्यांना सांगाल तेच मिश्रण मी वापरू का? दूध घरच्या म्हशीचं.
– भूम

अंबाजोगाईला सांगितलेलंच वापर, फक्त रोबस्टा वीसवरून दहा-पंधरावर आण. हो, पंधराच्या खाली काही ठेवत नाही असं मी वरच लिहिलंय, पण तू एका वेळी सगळी पूड एकत्र दळून डब्यात हलवून घेणार, तेव्हा दाणे कमी-जास्त पडायची भीती नाही. मोका पॉटमध्ये दाब जेमतेम एक-दोन बारचा, त्यामुळे खरी साय तशीही धरणार नाही, आणि खाली आच लागत राहते म्हणून रोबस्टाचा कडूपणा लवकर वर येतो. खालच्या भांड्यात गरमच पाणी भर, म्हणजे पूड उगाच तापत बसत नाही. पूड चमच्यानं सपाट कर, दाबू नको. आणि फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरव. भूमच्या माणसाला खवा कधी उतरवायचा ते कळतं, हे त्याच्यापेक्षा सोपं आहे.